मॉडेल वाफगाडीचे लाकूड आणि सहा बाटल्यांचा वेदरिंग संच

वाफेच्या मॉडेल गाड्यांवरील लाकडी भागांना जुनेपण आणण्यासाठी, म्हणजे या छंदातील मंडळी ज्याला सरसकट वेदरिंग म्हणतात त्यासाठी, तयार मिळणारा एक संच गेल्या पावसाळ्यापासून माझ्या वापरात आहे. एका छंद-साहित्य विक्रेत्याकडून तो कुरिअरने नागपुरात मागवला. हा विक्रेता मोठ्या डब्यांतील माल छोट्या बाटल्यांत भरून देतो, त्यामुळे बाटल्यांवर उत्पादकाचे नाव नाही, फक्त छटेचे नाव आहे. विक्रेत्याचे नाव मीही देत नाही, कारण परीक्षण मालाचे आहे आणि याच धर्तीचे संच आता इतरत्रही मिळू लागले आहेत. किंमत कुरिअरसह १,६५० रुपये पडली. ही किंमत जास्त की रास्त, हे तुमच्या गाडीतील लाकूड नेमके कोठे बसवलेले आहे यावर ठरते, आणि संच घेण्याआधी विचारात घेण्यासारखा खरा प्रश्न तोच आहे.

संचात प्रत्येकी ३० मिलिलिटरच्या सहा बाटल्या आहेत: फिकट राखाडी, चंदेरी राखाडी, गडद राखाडी, शेवाळी हिरवा, क्रिओसोट (लाकूड टिकवणारे डांबराचे तेल) तपकिरी आणि काजळी. त्यांच्या जोडीला गंज, माती आणि काजळी अशा तीन रंगपुडींच्या डब्या, एक ताठ केसांचा आखूड ब्रश आणि पितळी तारांचा छोटा ब्रश आहे. बाटल्यांतील द्रव स्पिरिटमध्ये विरघळवलेला पातळ स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, आहे. हे वासावरून आणि उडून जाण्याच्या वेगावरून लगेच कळते, पण बाटलीवर घटकांचा उल्लेख कोठेही नाही. ज्या वस्तूजवळ पुढे बर्नर पेटणार आहे, त्या वस्तूवर लावायच्या द्रवाच्या बाटलीवर तो ज्वलनशील असल्याची साधी सूचनाही नसावी, ही मला या संचातील सर्वांत मोठी उणीव वाटते.

पारख करण्यासाठी मी १:१९ प्रमाणातील नॅरोगेजची एक उघडी वाघीण (मालडबा), एक लाकडी प्रवासी डबा आणि इंजिनाच्या कॅबमधील, म्हणजे चालकाच्या खोलीतील, फळ्यांची जमीन असे तीन नमुने घेतले. चौथा नमुना मित्राच्या खऱ्या वाफेवर चालणाऱ्या मॉडेल इंजिनाचा होता. त्याच्या बॉयलरभोवती महोगनीच्या बारीक पट्ट्यांचे आवरण आहे आणि बफर बीम, म्हणजे धक्के झेलणारी टोकाची आडवी तुळईही, लाकडाचा आहे. नॅरोगेज निवडण्याचे कारण नागपूरकरांना सांगायला नको. बालाघाटहून सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारी छोटी लाईन २०१५ पर्यंत आणि नागभीडची छोटी लाईन २०१९ पर्यंत चालू होती, आणि तिकडे यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर तर वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. या मार्गांचा गेज, म्हणजे दोन रुळांमधील अंतर, ७६२ मिलिमीटर होता. १:१९ प्रमाणात तो ४० मिलिमीटर भरतो, आणि १:८७ प्रमाणात जेमतेम ९ मिलिमीटर. म्हणूनच लहान प्रमाणात छोटी लाईन बांधणारे लोक ९ मिलिमीटरचे तयार रूळ वापरतात.

प्रथम चांगले सांगतो. संचातील तिन्ही राखाडी छटा फार उत्तम आहेत. लाकूड उन्हापावसात राखाडी का होते, हे समजून कोणीतरी त्या बनवल्या आहेत असे त्या वापरताना जाणवते. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक उन्हातील अतिनील किरण शोषतो आणि त्यांनीच तो तुटतो. तुटलेला भाग पावसाने धुऊन जातो, मागे फिकट सेल्युलोज राहते, आणि त्यावर पावसाळ्यात सूक्ष्म बुरशीची काळसर छटा चढते. हा राखाडी थर इतका पातळ असतो की जुन्या फळीवर रंध्याचा एक हात फिरवला की खाली मूळ रंगाचे लाकूड पुन्हा दिसते. त्यामुळे खरी जुनी फळी रंगवल्यासारखी सलग राखाडी कधीच नसते. रेषांच्या उंच भागी ती चंदेरी असते, खाचांत गडद असते, आणि जिथे पोती, पेट्या, फावडी घासली जातात तिथे पुन्हा तपकिरी दिसते. संचातील फिकट राखाडी अगोदर सर्वत्र लावून, ती पुरती वाळल्यावर गडद राखाडी खाचांत सोडली, आणि शेवटी पितळी ब्रश रेषांच्या दिशेने हलका ओढला, तर वाघिणीच्या जमिनीवर हा तिहेरी परिणाम विनासायास मिळतो. स्टेन रंगासारखा वर थर धरत नाही, लाकडात मुरतो, म्हणून रेषा बुजत नाहीत. प्लॅस्टिकला लाकडासारखे रंगवणाऱ्यांची सगळी धडपड ज्या गोष्टीसाठी चालते, ती येथे लाकूड आपणहून देते.

मात्र लाकूडही जपून निवडावे लागते. आपल्याकडे सहज मिळणारे सागवान मोठ्या कामासाठी कितीही चांगले असले तरी त्याची छिद्रे ठसठशीत असतात. खऱ्या वाघिणीची १५० मिलिमीटर रुंदीची फळी १:१९ प्रमाणात ८ मिलिमीटरची होते, आणि तेवढ्या पट्टीवर सागाचे एकेक छिद्र बोटभर भेगेसारखे दिसू लागते. हा राखाडी स्टेन नेमका छिद्रांतच जाऊन बसतो, त्यामुळे दोष झाकला जाण्याऐवजी उठून दिसतो. बासवूड हे मऊ परदेशी लाकूड किंवा आपल्याकडचे हळदू, ज्याचा पोत बारीक आणि एकसारखा असतो, त्यावर हा संच कितीतरी अधिक शोभतो. लकडगंजातील लाकडाच्या बाजारात हळदूचे तुकडे विचारले तर दुकानदार प्रथम थोडे नवलाने पाहतात, कारण एवढ्याशा तुकड्याचे गिऱ्हाईक त्यांच्याकडे फारसे येत नाही. पण कापकामातून उरलेल्या मालात तो निघण्याची शक्यता असते आणि चिकाटीने विचारावा.

येथवर संचाची बाजू भक्कम आहे. अडचण यापुढे सुरू होते. सहा बाटल्यांपैकी चार, म्हणजे तीन राखाडी आणि एक शेवाळी, या उघड्यावर पडून राहिलेल्या लाकडाच्या बाटल्या आहेत. वाफेच्या गाडीवरील बहुतेक लाकूड मात्र उघड्यावर पडून राहिलेले नसतेच. ते छताखाली असते, वॉर्निशखाली असते, किंवा तेल आणि कोळशाच्या भुकटीखाली असते. ते राखाडी होत नाही, काळे, तपकिरी आणि तुळतुळीत होते. संच बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यार्डाच्या टोकाला गवतात उभी असलेली, कित्येक वर्षांत न हललेली वाघीण असावी, आणि तीही पावसाळी थंड देशातली. कामावर असलेली गाडी त्याने पाहिलेली दिसत नाही.

कॅबमधील जमिनीचेच पाहा. चालक आणि फायरमन यांच्या पायांना लोखंडाचा ताप आणि हादरे कमी लागावेत म्हणून अनेक इंजिनांत फूटप्लेटवर लाकडी फळ्या बसवलेल्या असत. या फळ्यांवर ऊन जवळजवळ पडत नाही. त्यांच्यावर पडतो तो कोळशाचा चुरा, सांडलेले तेल, भट्टीचे दार उघडल्यावर बाहेर येणारी राख आणि दिवसभर फिरणारे बूट. परिणामी फायरमन जिथे उभा राहून फावडे फिरवतो तिथे लाकूड घासून गुळगुळीत, तपकिरी आणि तेलकट चमकदार होते, कोपऱ्यांत आणि फळ्यांच्या सांध्यांत काळे कुळकुळीत राहते, आणि टेंडरकडच्या (इंजिनामागच्या कोळशाच्या डब्याकडच्या) कडेला कोळशाच्या ठोकरांनी कड मोडलेली असते. या जमिनीवर संचातील कोणतीही राखाडी छटा लावली तर इंजिन वर्षानुवर्षे बंद पडून कॅबचे छत उडून गेल्यासारखे दिसते. येथे फक्त काजळीची बाटली उपयोगी पडली, आणि तीही पुरेशी नाही. तिच्यात निळसर झाक आहे, तर तेलात भिजलेली कोळशाची भुकटी तपकिरीकडे झुकते. मी अखेर कच्च्या अंबरची (मातकट तपकिरी रंगाची) छटा काजळीत मिसळून वापरली. तपकिरी चमक आणण्यासाठी संचात काहीही नसल्याने मधल्या घासलेल्या भागावर बोटाने किंचित मेण चोळले. एखादी तेलकट तपकिरी छटा देऊन शेवाळी हिरवी वगळली असती, तर संच आपल्या कामाला दुपटीने लागला असता.

शेवाळी छटेबद्दल थोडे अधिक बोलणे भाग आहे. विदर्भात पावसाळ्यात लाकडावर हिरवट थर येत नाही असे नाही, पण तो दिवाळीपूर्वीच वाळून काळा पडतो, आणि वर्षाचे उरलेले महिने आपल्या गाड्यांवर बसते ती काळ्या जमिनीची करडी-तपकिरी धूळ. ती छतावर, पायऱ्यांवर, वाघिणीच्या फळ्यांच्या वरच्या कडांवर पावडरीसारखी राहते आणि पहिल्या पावसात ओघळून खाली उतरते. संचातील माती नावाची रंगपूड पिवळसर आहे, आपल्याकडची धूळ तशी नसते. तिच्यात काजळीची चिमूट मिसळली की बरी होते. आपल्या दगडी कोळशात राख भरपूर असल्यामुळे गाडीच्या छतावर नुसती काजळी नसते, फिकट राखही असते, आणि हे छायाचित्रांतही अनेकदा दिसते. संचातील फिकट राखाडी स्टेन न वापरता राखेच्या रंगाची वेगळी पूड कोरडीच छतावर टेकवणे अधिक खरे वाटते.

लाकडी प्रवासी डब्यावर संच जवळपास निरुपयोगी ठरतो, आणि हे विक्रेत्याने आधी सांगायला हवे होते. सागवानी डब्यांना वॉर्निश किंवा रंग दिलेला असे. वॉर्निश जुने झाले की प्रथम ते गडद होते, मग खिडक्यांच्या खालच्या कडांशी आणि फळ्यांच्या सांध्यांशी त्याला बारीक तडे जातात, आणि जिथे ते पूर्ण सुटते तेवढ्याच ठिकाणी लाकूड राखाडी पडते. म्हणजे नोकरीत असलेल्या डब्याचे जुनेपण मुख्यतः वॉर्निशचे जुनेपण आहे, लाकडाचे नव्हे. स्पिरिटचा स्टेन वॉर्निशवर लावला तर तो मुरत नाही, वर थेंब होऊन बसतो. वॉर्निश चपड्याचे, म्हणजे लाखेचे, असेल तर ते उलट विरघळून चिकट होते. मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ पासून आहे आणि छोट्या लाईनची मोजमापे, फळ्यांच्या रुंदी, दारांच्या कड्या, बोल्टांच्या जागा यांच्यासाठी नागपुरात त्याच्यासारखी दुसरी जागा नाही. परंतु जतन करून ठेवलेल्या वस्तूंना वेळोवेळी रंग द्यावाच लागतो, म्हणून गाडी कशी मळते हे तेथे शिकता येत नाही. त्यासाठी चालू काळातील जुनी छायाचित्रे पाहावीत, आणि त्यांत छताची कड, पायरी, दाराच्या मुठीभोवतीचा भाग आणि बफर बीमच्या खालची बाजू या चार जागा निरखाव्यात. प्रवाशांचे हात जिथे रोज लागतात ती जागा बाकी डब्यापेक्षा उजळ असते, हे विशेष पाहण्यासारखे आहे.

क्रिओसोट तपकिरी ही बाटली स्लीपरांसाठी, म्हणजे रुळांखालच्या आडव्या आधारांसाठी, आहे आणि ती निर्विवाद चांगली आहे. ताज्या क्रिओसोटचा काळपट तपकिरी रंग आणि उन्हाने तो पुढे करडा होत जाणे, हे दोन्ही ती पाण्याच्या प्रमाणाने साधू देते. फक्त एक सूचना द्यावीशी वाटते: आपल्याकडे स्लीपर सरसकट लाकडाचे नव्हते. ओतीव लोखंडाचे आणि पोलादी स्लीपर भारतात फार मोठ्या प्रमाणावर वापरात होते. लाकडी स्लीपर विशेषतः गर्डर पुलांवर आणि काट्यांच्या जागी, म्हणजे जिथे रूळ फुटतात तिथे, टिकून राहिले. त्यामुळे सगळा मार्ग लाकडी करून ही बाटली संपवण्याआधी आपला मार्ग कोणता, हे ठरवलेले बरे.

आता खिळे आणि बोल्ट. लाकडातील टॅनिन नावाचे तुरट द्रव्य आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की निळसर काळा डाग पडतो. जुन्या सागवानी फळीवर प्रत्येक खिळ्याखाली जो काळा ओघळ दिसतो तो गंजाचा नव्हे, याच रासायनिक क्रियेचा असतो. गंजाचा नारिंगी ओघळ त्याच्या कडेला, बहुधा अधिक पातळ असतो. संचाच्या पत्रकात मात्र प्रत्येक खिळ्याखाली गंजाची रंगपूड ओढायला सांगितले आहे. तसे केले की वाघीण लाकडाची न वाटता पत्र्याची वाटू लागते. काजळीचा एक बारीक टिंब खिळ्याशी टेकवून ओलसर ब्रशाने खाली ओढावा, आणि गंज फक्त लोखंडी कोनांजवळ, ब्रेकच्या ठोकळ्यांजवळ आणि चाकांच्या मागच्या अंडरफ्रेमवर (खालच्या सांगाड्यावर) राखून ठेवावा. चाक आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडणारी लोखंडाची तांबूस धूळ तेथेच बसते.

हीच रासायनिक क्रिया घरी घडवून आणता येते, आणि १,६५० रुपयांच्या संचासमोर खरा प्रतिस्पर्धी तोच आहे. इतवारीत किराणा आणि आयुर्वेदिक औषधींच्या दुकानांत हिरडा मिळतो, हिराकसही (लोहाचा क्षार) मिळतो. दोन्ही मिळून खर्च दोनशे रुपयांच्या आत राहतो आणि ते पुष्कळ दिवस पुरतात. हिरड्यात टॅनिन भरपूर असते. कुटलेला हिरडा पाण्यात उकळून, गाळून, तो काढा लाकडावर लावावा आणि पूर्ण वाळू द्यावा. मग हिराकसाचे अगदी पातळ द्रावण ब्रशाने फिरवावे. काही मिनिटांत लाकूड डोळ्यांदेखत राखाडी होऊ लागते, आणि द्रावण दाट असेल तर काळे. बासवूडसारख्या, स्वतःचे टॅनिन फारसे नसलेल्या लाकडावर लोखंडाचे द्रावण एकटे जवळजवळ काहीच करत नाही, म्हणून काढ्याची पायरी गाळू नये. व्हिनेगरमध्ये तारेची घासणी भिजवून केलेले द्रावणही याच मार्गाने काम करते, पण त्याची तीव्रता दर वेळी निराळी निघते. हिराकस तोलून घेता येतो, हा त्याचा मोठा फायदा. तोटे दोन आहेत. रंग लावताना दिसत नाही, वाळताना येतो, त्यामुळे टाकाऊ तुकड्यावर आधी पाहणे अटळ आहे. आणि द्रावण आम्लधर्मी असल्याने जवळच्या पोलादी भागांना गंजवते, म्हणून चाके, स्प्रिंगा आणि हुक बसवण्यापूर्वीच हे काम उरकावे. हिराकस पोटात जाणे घातक आहे, तेव्हा स्वयंपाकघरातील पातेली आणि घरातील मुले यांपासून तो दूर ठेवावा हेही सांगून ठेवतो.

संचातील राखाडी आणि हिरडा-हिराकसाची राखाडी शेजारी ठेवली तर मला दुसरी अधिक पसंत पडते. ती एकसारखी नसते. लाकडाच्या प्रत्येक पट्टीत टॅनिन कमीअधिक असल्याने प्रत्येक फळी किंचित वेगळी उतरते आणि ते खरे वाटते. परंतु लवकर, खात्रीने आणि घरभर काढ्याचा वास न पसरवता काम हवे असेल तर संच सोयीचा आहे, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अर्थात सर्वांत स्वस्त मार्ग गच्चीचाच: कापलेल्या पट्ट्या एक उन्हाळा आणि एक पावसाळा गच्चीवर टाकून ठेवल्या तर नागपूरचे ऊन लिग्निनचे काम फुकट करून देते. एवढा धीर असणारे लोक या छंदात आहेत, पण ते संचाचे परीक्षण वाचत नसावेत.

नागपुरात हा संच वापरायचा म्हणजे हवामानाचा विचार करावाच लागतो, आणि पत्रकात त्याबद्दल अर्थातच काही नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे गेलेला असताना स्पिरिट लाकडावर पसरण्यापूर्वीच उडून जाते, ब्रश जिथे टेकला तिथे गडद ठिपका उमटतो आणि बाकी फळी कोरडी राहते. सकाळी लवकर काम करावे किंवा स्टेनमध्ये थोडे पाणी घालावे. पाण्याने लाकडाचे केस उभे राहतात, ते वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने एकदा उतरवावे लागतात. कूलरसमोर बसून काम करण्याचा मोह टाळावा. कूलरची दमट हवा पातळ पट्ट्यांना एका बाजूने फुगवते आणि चपड्याचे पॉलिश दुधाळ करते. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ या कामासाठी आपल्याकडे सर्वोत्तम आहे. गोंदाबाबतही हीच दक्षता हवी. फेविकॉल जिथे लागतो तिथे स्टेन मुरत नाही आणि सांध्याभोवती पिवळट डाग कायमचे उघडे राहतात. म्हणून पट्ट्या आधी रंगवून मग जोडाव्यात. पत्रकात जोडलेल्या मॉडेलवर स्टेन लावतानाचे चित्र छापले आहे, ते पाहून कोणी फसू नये.

मित्राच्या चालत्या वाफेच्या इंजिनावर मी हा संच फार सावधपणे वापरला आणि तेथे माझे मत अधिक कठोर आहे. मॉडेल बॉयलर दर चौरस इंचाला ४० पौंडांच्या दाबावर चालतो तेव्हा आतील वाफेचे तापमान १४० अंश सेल्सिअसच्या थोडे वर असते. आवरणाच्या पट्ट्यांपर्यंत तो सगळा ताप पोहोचत नाही, विशेषतः मध्ये कॉर्क किंवा नमदा असेल तर, पण पट्ट्या हाताला चटका बसण्याइतक्या तापतात. स्टेन त्या तापाला टिकतो, कारण तो लाकडात मुरलेला असतो. पत्रकात त्यावर सुचवलेला चपड्याचा शेवटचा हात मात्र टिकत नाही. चपडा साधारण ७५ ते ८० अंशांना मऊ होतो, गरम पाण्याच्या थेंबांनी पांढरा पडतो, आणि इंजिन स्पिरिटच्या बर्नरवर चालत असेल तर भरताना सांडलेला एक थेंबही त्याला विरघळवतो. रंगपुडींचेही तेच होते. सुरक्षा झडपेतून उडणारे पाणी आणि सिलिंडरचे तेल त्यांना धुऊन नेते. गंमत अशी की अशा इंजिनाला वेदरिंगची फारशी गरजही उरत नाही. दर रविवारी चालवले तर तेल, काजळी आणि पाण्यातील क्षारांचे पांढरे ओघळ आपापल्या खऱ्या जागी आपोआप येतात, आणि ते संचातील कोणत्याही बाटलीपेक्षा चांगले दिसतात. लाकडाला फक्त संरक्षण द्यायचे असते.

ते संरक्षण उकळलेल्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन मिळते. जवस विदर्भाच्या घरांत चटणीसाठी असतेच, पण स्वयंपाकाचे कच्चे तेल फार सावकाश वाळते. रंगाच्या दुकानातून लाकडासाठीचे उकळलेले तेल घ्यावे. ते लाकडाला ऊब देते आणि राखाडीपणा कमी करते, म्हणून कॅब, बॉयलर आवरण आणि बफर बीम यांना शोभते, वाघिणीला शोभत नाही. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि गठ्ठ्यात ती साठून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. नागपूरच्या उन्हाळ्यात तर हा धोका हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चिंध्या पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

बॉयलरवर उघड्या लाकडी पट्ट्या दिसतात त्या मॉडेलला काय करावे, असाही एक प्रश्न येतो. इंग्लंडमधील १८३० च्या दशकातील इंजिनांवर, उदाहरणार्थ १८३८ साली लीड्सला बांधलेल्या ‘लायन’वर, बॉयलरभोवती अशा पट्ट्या उघड्या असत, आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात कॅबही लाकडाचे आणि वॉर्निश केलेले असत. ती इंजिने त्यांच्या काळात घासूनपुसून लखलखीत ठेवली जात. अशा मॉडेलवर राखाडी स्टेन लावणे मला पटत नाही. पट्ट्यांच्या सांध्यांत काजळीची अतिशय पातळ रेघ पुरते.

तेव्हा संच घ्यावा का? वाघिणी, माल धक्का, स्लीपर, कुंपण आणि साईडिंगला पडलेले जुने डबे असा देखावा तुम्ही बांधत असाल तर घ्यावा. राखाडी छटा पैशांचे चीज करतात आणि एका संचात वीसेक मध्यम आकाराच्या वाघिणी आरामात होतात. फक्त इंजिन आणि प्रवासी डबे असतील तर घेऊ नये. काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग शाई आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पातळ करून, थोडे अंबर आणि मेण जवळ ठेवून तेच काम अधिक चांगले होते. दोन्ही असेल तर संच घेण्यापेक्षा विक्रेत्याला सुट्या बाटल्या मागून पाहाव्यात. मी विचारले तेव्हा चंदेरी राखाडी आणि क्रिओसोट तपकिरी प्रत्येकी २२० रुपयांना मिळतील असे उत्तर आले, हिरवी घ्यावीच लागणार नाही असेही कळले. बाटलीवर घटक आणि ज्वलनशीलतेची सूचना छापण्याबद्दल मी लिहिलेल्या पत्राला मात्र अद्याप उत्तर आलेले नाही, आणि ते येईपर्यंत या बाटल्या मी बर्नर व स्पिरिटच्या डब्यापासून वेगळ्या कपाटात ठेवतो.